शब्दचर्चा : 'सत्यशोधन चाचणी' म्हणावे का?

प्रश्न
पोलीस तपासावरचा एक लेख संपादनासाठी आला आहे. त्यात 'सत्यशोधन चाचणी', 'लाय डिटेक्टर', 'पॉलिग्राफ' आणि 'नार्को' हे शब्द एकाच अर्थाने आलटून पालटून वापरलेत. 'नार्को चाचणीत आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' असंही एक वाक्य आहे. काय ठेवावं, काय बदलावं?

उत्तर १
नार्को आधी वेगळी काढा. पॉलिग्राफमध्ये माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. छातीभोवती नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना तारा. श्वास, नाडी, रक्तदाब आणि घामामुळे त्वचेत होणारा बदल यांचे आलेख निघतात. नार्कोत सोडियम पेंटोथॉलसारखं औषध शिरेतून देऊन गुंगीत प्रश्न विचारतात. ब्रेन मॅपिंग तिसरंच, त्यात मेंदूतल्या विद्युत लहरी टिपतात.

'सत्यशोधन' मला पटत नाही. आलेखात उमटतो तो शरीरावरचा ताण. निरपराध माणूसही पोलिसांसमोर घाबरतो, त्याचीही नाडी वाढते. सत्य त्या कागदावर कुठेच नसतं. आणि 1873 च्या सत्यशोधक समाजापासून ज्या शब्दामागे प्रश्न विचारणारी, जागी माणसं उभी आहेत, तो गुंगीतल्या माणसाच्या चौकशीला लावू नये असं मला मनापासून वाटतं.

उत्तर २
भावना कळली, पण सामान्य वाचकाला 'लाय डिटेक्टर' लगेच समजतं. वर्तमानपत्रांनी तो रुळवला आहे. 'पॉलिग्राफ' लिहिलं तर पुढे कंस करून अर्थ द्यावा लागेल.

उत्तर १
एकदा द्यावा. 'लाय डिटेक्टर' म्हटलं की यंत्राला खोटं पकडता येतं हे आपण आधीच मान्य करतो. मग 'लाय डिटेक्टरमध्ये नापास' हा मथळा आपोआप येतो आणि खटला उभा राहण्याआधीच माणूस दोषी ठरतो.

उत्तर ३ (फौजदारी वकिली करतो)
मूळ अडचण 'कबुली' या शब्दाची आहे. तपासादरम्यान कायद्याने चालणारा कबुलीजबाब म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यासमोर, दबावाशिवाय, परिणामांची समज देऊन नोंदवलेला जबाब. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, मग गुंगीतली कुठून चालणार?

मुंबई उच्च न्यायालयाने 2004 मध्ये, मुद्रांक घोटाळ्याच्या प्रकरणात, अशा चाचण्यांना मोकळीक दिली होती. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात चित्र पालटलं. पॉलिग्राफ, नार्को आणि ब्रेन मॅपिंग या तिन्ही चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) मुळे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि अनुच्छेद 21 ने दिलेलं व्यक्तिस्वातंत्र्यही मोडतं.

स्वखुशीने चाचणी द्यायची तर वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे, संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवली पाहिजे, आणि 'तुझं बोलणं कबुलीजबाब ठरणार नाही, पोलिसांना दिलेल्या जबाबाइतकीच त्याची किंमत' हे सांगितलं पाहिजे. पॉलिग्राफसाठी मानवी हक्क आयोगाची अशी मार्गदर्शक तत्त्वं 2000 पासून होती. न्यायालयाने ती पाळायला सांगितली आणि तशीच खबरदारी बाकीच्या दोन चाचण्यांनाही लावली.

संमती असली तरी चाचणीचा निष्कर्ष हा स्वतः पुरावा नव्हे, कारण त्या वेळी उत्तरांवर माणसाचा जाणीवपूर्वक ताबा नसतो. हां, स्वेच्छेने दिलेल्या चाचणीतल्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती पुराव्यात येऊ शकते. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 27 खाली होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. आरोपीने दिलेल्या अशा माहितीची पंचांसमोर केलेली नोंद, आमच्याकडे 'निवेदन पंचनामा' म्हणतात ती, याच कलमाची.

उत्तर ४
'नकार' या शब्दाकडेही बघा. 'आरोपीने पॉलिग्राफला नकार दिला' यात काहीतरी लपवल्याचा वास येतो. 'आरोपीने संमती दिली नाही' लिहिलं की तो त्याचा हक्क आहे हे दिसतं. कोठडीत दिवस काढणाऱ्या माणसाची 'संमती' किती खरी, हा प्रश्न मात्र शब्द बदलून सुटत नाही. म्हणूनच न्यायदंडाधिकाऱ्यासमोरची नोंद ही निव्वळ औपचारिकता समजू नये. बातमीत ती झाली का, वकील होता का, हे लिहायलाच हवं.

उत्तर ३
अगदी. जून 2025 मध्ये बिहारच्या एका प्रकरणातही हाच मुद्दा आला. जामिनाची सुनावणी चालू असताना सर्व आरोपींची नार्को करू हे पोलिसांचं म्हणणं पाटणा उच्च न्यायालयाने मान्य केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आरोपीने स्वतःहून मागितली तरी चाचणी मिळण्याचा बिनशर्त हक्क त्याला नाही, योग्य टप्प्यावर न्यायालय परिस्थिती पाहून ठरवेल, असंही सांगितलं. त्यामुळे 'आरोपी नार्कोला तयार' हा मथळाही निर्दोषत्वाचा दाखला म्हणून छापू नका.

प्रश्नकर्ती
आभार. 'पॉलिग्राफ' ठेवते, पहिल्या वेळी त्यात काय मोजतात ते एका ओळीत देते. नार्कोचं वाक्य असं केलंय : 'आरोपीच्या संमतीने झालेल्या नार्को चाचणीत त्याने काही माहिती दिल्याचं पोलिसांचं म्हणणं आहे, चाचणीतलं बोलणं न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य नाही.' संमती कुठे नोंदवली, ते लेखकाला विचारलं आहे. उत्तर आलं नाही तर 'संमतीने' हा शब्द काढेन.