मदत हवी आहे : आजोबांच्या वेब्ली रिव्हॉल्वरवरचा गंज

आजोबांचे .४५५ बोअरचे वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्वर परवान्याची रीतसर पूर्तता होऊन नुकतेच माझ्या ताब्यात आले. मात्र चामडे ओलावा धरून ठेवते हे ठाऊक नसल्याने घरच्यांनी ते वर्षानुवर्षे होल्स्टरमध्येच ठेवले, त्यामुळे नळीच्या एका बाजूस गंजाचे बारीक खड्डे पडले असून गोळ्या भरायचे सिलिंडर जेमतेम फिरते. ते रिकामे असल्याची खात्री केली आहे आणि चालवण्याचा विचार मुळीच नाही. तेलात भिजवलेल्या अतिबारीक स्टील वूलने हलकेच घासल्यास उरलेसुरले मूळ ब्लूइंगही (गंज रोखण्यासाठी पोलादावर चढवलेला निळसर-काळा थर) जाईल का? नव्याने ब्लूइंग करायचे नाही, कारण मुठीवरची नक्षी आजोबांच्या अंगठ्याने जिथे गुळगुळीत झाली आहे, तिथेच माझा जीव अडकला आहे. घट्ट बसलेल्या स्क्रूंमध्ये किती दिवस तेल मुरू द्यावे, की ते काम परवानाधारक गनस्मिथकडेच सोपवावे?