जुलैत आंबोलीला बेडूक बघायला जातोय. लेकीला काय घालू, काय भरू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि लेक (वय ११) एका निसर्ग अभ्यास सहलीबरोबर आंबोलीला चाललोय. तीन दिवस, दोन रात्री. दिवसा सडा (कातळाचं पठार) आणि हिरण्यकेशी नदी, रात्री जेवणं उरकली की टॉर्च घेऊन बेडूक, चापडा (झुडपांवरचा विषारी साप), नशिबात असेल तर चमकणारी बुरशी. आयोजकांनी सामानाबद्दल एकच ओळ धाडलीये, "पावसाळी कपडे व योग्य पादत्राणे आणावीत." आता योग्य म्हणजे काय, ते कोण सांगणार?

गेल्या वर्षी ताम्हिणीला आम्ही जीन्स आणि कापडी बूट घालून गेलो होतो. अर्ध्या तासात जीन्स इतकी जड झाली की पोरगी एका हाताने कंबर धरून चालत होती. दुसऱ्या हातात छत्री. वही धरायची कशात? जेल पेनाने लिहिलेल्या नोंदींचं घरी येईपर्यंत निळं पाणी झालं. भिजण्यापेक्षा त्याचंच तिला जास्त रडू आलं.

तर गमबूट घेऊ की ट्रेकिंगचे बूट? जळवांसाठी तंबाखूच्या पाण्यात भिजवलेले मोजे घालतात म्हणे, लहान मुलीला चालेल?

प्रतिसाद :
गमबूट, डोळे झाकून. रात्री गवतात पाय कुठे पडतोय ते कळत नाही आणि घोणस, फुरसं हे विषारी साप जमिनीवरच असतात. शेतीच्या सामानाच्या दुकानात मिळतील. एक नंबर मोठे घ्या, आत जाड लांब मोजे. पँट बुटाच्या आत नको, वरून सोडा, नाहीतर पाणी ओघळून बुटात साचतं.

प्रतिसाद :
वरच्यांशी अर्धाच सहमत. रात्री गमबूट ठीक, पण दिवसभर सड्यावर चालायचं तर पोटऱ्या सोलून निघतात. शिवाय ओल्या शेवाळावर घसरतात. दिवसा चांगल्या पकडीचे बूट द्या. ते भिजणारच, रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा.
तंबाखू अजिबात नको, ओल्या कातडीतून अंगात भिनते. जळू चिकटली तर तोंडाच्या बाजूने नख सरकवायचं, सुटते. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. लेकीला हे आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही.

प्रतिसाद :
दादा, बुटांवरून आठवलं. गमबूट घातले की पोरं डबकं दिसेल तिथे उडी मारतात. आंबोलीच्या टोडला (तिथल्याच एका बेडकाला) शास्त्रीय नाव मिळालं २००९ साली, आणि तो अंडी घालतो जांभ्या खडकावरच्या बोटभर खोल डबक्यांत. तुम्हाला ते नुसतं पावसाचं पाणी वाटेल. आधी वाकून बघायचं, मग पाय टाकायचा.
दुसरं म्हणजे डासांचं मलम हातांना लावू नका. बेडकाची कातडी सगळं शोषून घेते. लांब बाह्यांचा पातळ, लवकर वाळणारा शर्ट असला की मलम लागतही नाही. कपड्यांचा एक जोड मात्र फक्त झोपायचा, पिशवीत बांधलेला. तो बाहेर घालायचा नाही म्हणजे नाही. तिथे तीन दिवसांत रुमालसुद्धा वाळत नाही.

प्रतिसाद :
वहीसाठी साधी शिसपेन्सिल, ओलसर कागदावरही उठते. धुतलेली दुधाची पिशवी वहीला बरोब्बर बसते. टॉर्च डोक्याला बांधायचा घ्या, हात मोकळे राहतात. छत्री घरी ठेवा.

धागाकर्ता :
सगळ्यांचे आभार. काल गमबूट आणले, सकाळपासून लेक घरात तेच घालून फिरतेय. आई ओरडली तर म्हणे, "सवय करतेय." तंबाखू रद्द. डबक्यांचं सांगितल्यावर मात्र गप्प झाली आणि वहीत लिहून ठेवलं, पेन्सिलीने.
एक राहिलंच. तिला चष्मा आहे. पाऊस आणि धुक्यात काचांचं काय करायचं?

प्रतिसाद :
रेनकोटच्या टोपीखाली पुढे झाप असलेली साधी क्रिकेटची टोपी घालायला द्या, थेंब काचेवर येत नाहीत. धुक्याला पक्का उपाय नाही. सुती रुमाल चारपाच द्या, आणि ते त्या झोपायच्या कपड्यांच्या पिशवीत.

धागाकर्ता :
म्हणजे ती पिशवी उघडायची परवानगी मिळाली तर! :)