हॉटेलातले ढेकूण: तुमचे अनुभव लिहा

हॉटेलात ढेकूण निघाले हे सांगायला लोक संकोचतात, जणू काही आपणच ते पाळले होते. म्हणून हा धागा. कसे ओळखलेत, हॉटेलवाल्यांनी काय केलं, घरी आले का, सगळं लिहा. फक्त हॉटेलचं नाव नको.

*

खोलीत शिरल्यावर माझी बॅग आधी बाथरूममध्ये जाते, कोरड्या फरशीवर. मग मोबाईलचा टॉर्च लावून डोक्याकडची चादर कोपऱ्यातून उचकटायची आणि गादीची शिवण बोटाने उलगडत जायची. जिवंत ढेकूण दिसेलच असं नाही. दिसतात ते काळपट ठिपके, टीपकागदावर शाई फुटावी तसे कापडात फुटलेले. ओल्या टिश्यूने घासले की तांबूस-तपकिरी डाग उतरतो. ती ढेकणांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. शेजारी फिकट पिवळी टरफलंही सापडतात, कारण पूर्ण वाढ होईपर्यंत पिल्लू ५ वेळा कात टाकतं. एकदा गादी अगदी स्वच्छ होती, पण पलंगाचा डोक्याकडचा फळा भिंतीपासून जरा ओढला, तर मागे स्क्रूच्या भोकात मंडळी सुखाने नांदत होती. रिसेप्शनवर फोटो दाखवला. उत्तर काय, तर "मॅडम, डास असतील."

*

एकाच पलंगावर झोपून मला अंगभर गांधी आणि नवरा ठणठणीत! डॉक्टर म्हणाले, काहींच्या अंगावर काहीच उठत नाही, तर काहींच्या चावल्यावर कित्येक दिवसांनी उठतं. त्यामुळे नुसत्या गांधींवरून कालच्या हॉटेलशी भांडायला जाऊ नका, आधी गादी बघा. ढेकणांमुळे माणसाला रोग होतात असं सिद्ध झालेलं नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. खाजवून जखम चिघळते, ती मात्र आपली करणी.

*

खोली बदलून मागताना लगतची, वरची किंवा खालची घेऊ नका. भिंतीतल्या भेगा आणि वायरिंगच्या वाटेने ते सहज पलीकडे जातात. आम्हाला उदार मनाने शेजारचीच दिली होती. तिथेही तेच.

*

हाउसकीपिंगमध्ये काम केलंय, म्हणून दुसरी बाजू. ढेकणांना अस्वच्छता लागत नाही, माणूस लागतो. ते पाहुण्यांच्या बॅगांतून येतात, मग हॉटेल कितीही तारांकित असो. चादरी रोज बदलल्या जातात, पण गादी उचलून बघायला वेळ कोण देतो? नेहमीच्या फवाऱ्यांना बरेच ढेकूण आता दाद देत नाहीत, आणि धुराचा डबा फोडला तर धूर फटीत पोचतच नाही. वाफ मारणं, फटी बुजवणं, पुन्हा पुन्हा तपासणं, हेच खरं काम. तेवढे दिवस खोली बंद ठेवावी लागते आणि नेमकं तेच मालकाला नको असतं.

*

परत येताना शंका असेल तर बॅग बेडरूममध्ये नेऊच नका. कपडे थेट पिशवीत, पिशवीचं तोंड घट्ट बांधून मशीनपर्यंत. ६० अंशांच्या पाण्यात धुवा किंवा ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर अर्धा तास फिरवा. अंडीही मरतात. धुता न येणाऱ्या वस्तू उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान ४ दिवस. बॅगेच्या शिवणी आणि चाकांच्या खाचा व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि आतला कचरा लगेच बांधून बाहेर टाका.

*

आणि ते "उन्हात टाक, मरतील"? आमच्याकडे गादी दिवसभर तापली आणि ढेकूण खालच्या सावलीच्या बाजूला जाऊन बसले. वाट बघण्यातही अर्थ नाही, रक्ताशिवाय ते महिनोन् महिने काढतात. उडता येत नाही, उडी मारता येत नाही, तरी बघा कुठून कुठे पोचतात!