बिल्डिंगमधून एटीएम कार्डाचं पाकीट गायब, जबाबदार कोणाला धरायचं?

बायपासचा भाडेकरू (छत्रपती संभाजीनगर):
नमस्कार मंडळी. बीड बायपासला २४ फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहतो, ए आणि बी अशा दोन विंग, खाली जिन्याजवळ मीटरच्या बोर्डाशेजारी पत्र्याचा लेटरबॉक्स. कप्पे २४, पण कुलूप असेल सहा-सात जणांचं, बाकीची दारं एकाच बिजागरीवर लोंबकळायलीत. आमच्या कप्प्यावर अजून मागच्या भाडेकरूचंच नाव आहे. मे महिन्यात लेकरं घेऊन परतूरला गावाकडं गेलतो १२ दिवस, नेमकं तेव्हाच बँकेचं नवीन कार्ड स्पीड पोस्टानं आलं. परत येऊन बघतो तर ट्रॅकिंगवर डिलिव्हर्ड! वॉचमन म्हणतो, "सायेब सही म्याच केली, मीटरच्या डब्यावर ठिवलं, तेवढ्यात टँकर आला म्हून मोटर लावाया गेलो, आलो तर पाकीट न्हाई." बँक म्हणते पोस्टात विचारा, पोस्टात म्हणतात पत्त्यावर दिलंय, चेअरमन म्हणतात भाडेकरूच्या टपालाची जबाबदारी सोसायटीची नाही मालकाला बोला, आणि मालक पुण्यात बसून म्हणतो टपालाचं मी काय करू. आता मीटिंगमध्ये वॉचमनच्या पगारातून पैसे कापायचं चाललंय, बिचारा साठीच्या पुढचा माणूस, ते काय मला पटंना. नियम काय सांगतो?

हिशोबनीस (जालना):
नियम नंतर, आधी कार्ड ब्लॉक केलं का?? ॲपवरून दोन मिनिटाचं काम आहे. घाबरायचं तेवढं कारण नाही म्हणा, नवीन कार्ड येतं तेव्हा ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देणं दोन्ही बंदच असतं, आपण चालू करावं लागतं, आणि पिनही हल्ली बहुतेक बँकांत मोबाईलवर ओटीपी घेऊन करावा लागतो. तरी खात्यातून काही गेल्याचा मेसेज आलाच तर रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक लक्षात ठेवा, चूक तुमचीही नाही अन् बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी हात मारला, अशा वेळी ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काही येत नाही. उशीर केला की तुमचा वाटा वाढतो. बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवरही तक्रार टाका. चेअरमनशी भांडण मग निवांत करा.

बायपासचा भाडेकरू:
ब्लॉक केलं काल रात्रीच. पैसे शाबूत आहेत. दुसऱ्या कार्डाचा अर्ज पण टाकला.

रिटायर टपालवाला (परभणी):
३१ वर्षं टपाल वाटलंय, त्यातली निम्मी सायकलवर, म्हणून राहवंना. पहिलं हे समजून घ्या की साधं पत्र पेटीत टाकलं की पोस्टमनचं काम संपलं, त्याला सही नाही काही नाही. स्पीड पोस्ट हातात द्यावं लागतं, पण ते पत्त्यावर द्यायचं असतं, नाववाल्याच्याच हातात असं नाही, घरात जो असंल तो सही करून घेऊ शकतो. जुन्या रजिस्टर पत्राचं वेगळं होतं, ते ज्याचं त्यालाच किंवा त्यानं लिहून दिलेल्या माणसाला. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टातच मिसळलं, आता वरून जादा पैसे भरून रजिस्ट्रेशन घेतलं तरच नाववाल्याच्या हातात द्यायचं बंधन, ओटीपी सांगितल्याशिवाय पाकीट सोडायचं नाही अशी पण सोय आली. पण हे सगळं पाठवणाऱ्यानं घ्यायचं असतं, घेणाऱ्याच्या हातात काही नाही.

आता खरं सांगू का, मे महिन्यात आपल्याकडं ४२ डिग्रीत पिशवी घेऊन चार मजले चढायचे, लिफ्ट असली तर लाईट नाही, वर जावं तर दाराला कुलूप. मग वॉचमन म्हणतो द्या माझ्याकडं, देतो मी. आम्हीबी देऊन टाकायचो. चूकच ती, पण त्या वॉचमनला टपाल घ्यायला तुम्ही कधी नेमलंय का? सांगितलंय का घेतलं तर कुठं ठेवायचं? खुर्ची एक, मीटरचा डबा एक, ठेवणार कुठं!

गावाला जाताना आपल्या डिलिव्हरीच्या पोस्टात साधा अर्ज द्यायचा, एवढ्या तारखेपर्यंत टपाल तिथंच ठेवा म्हणून, किंवा गावच्या पत्त्यावर वळवा म्हणून. माझ्या सगळ्या नोकरीत असा अर्ज देणारे मोजून पाच-सहा जण भेटले, त्यातले दोन मास्तर.

अन् एक विचारायचं राहिलं. बँकेत पत्ता देताना विंग लिहिली होती का?

शेवटच्या मजल्यावरची (नांदेड):
आमच्या सोसायटीची सेक्रेटरी मी चार वर्षं होते, या विषयावर डोकं पिकलंय माझं. आमच्याकडं एकांचा पासपोर्ट आलता, पोस्टमननं आधार बघून त्यांच्याच हातात दिला, वॉचमनकडं दिलाच नाही, तर तेच गृहस्थ माझ्याशी भांडायले की एवढं ऊन असताना मला खाली कशाला बोलावलं. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एकीचं चेकबुक वॉचमनच्या खुर्चीखाली पावसात भिजलं तर तीपण माझ्याच दारात. मग एक साधी २०० पानी वही आणली, तारीख, फ्लॅट, कुठून आलं, कोणी घेतलं, कोणी नेलं, सही. पहिले १५ दिवस सगळ्यांनी नाकं मुरडली. आणि वॉचमनला सरळ सांगितलं की ज्यांनी लिहून दिलंय त्यांचंच घ्यायचं, बाकीच्यांचं "घरी कोणी नाही" म्हणून परत जाऊ द्या, पोस्टात जाऊन आणतील. बँकेचं, कोर्टाचं, आरटीओचं काहीच घ्यायचं नाही. त्याला महिन्याला ३०० रुपये वाढवून दिले त्या कामाचे. पगारातून कापायचं म्हणणाऱ्यांना विचारा, टपाल सांभाळायचे किती देत होतात आजपर्यंत? दादा तुम्ही मीटिंगमध्ये बोला, भाडेकरू असलात म्हणून काय झालं, मेंटेनन्स तुमच्याच खिशातून जात असेल.

बार रूममधला (लातूर):
कायद्याचं थोडक्यात. पोस्टावर भरपाईची केस टाकायचा विचार असेल तर सोडा. १८९८ चा कायदा जाऊन पोस्ट ऑफिस कायदा २०२३ आला, १८ जून २०२४ पासून लागू आहे, त्याच्या कलम १० मध्ये पण पोस्टाची जबाबदारी नियमांत जेवढी लिहिली तेवढीच, आणि कर्मचाऱ्यानं लबाडी केली किंवा मुद्दाम नुकसान केलं तरच तो अडकतो. तक्रार मात्र जरूर करा, टोल फ्री १८००-२६६-६८६८, सही कोणाची आहे ते लेखी मागा. पाकीट कोणी मुद्दाम उचललं असेल तर ती चोरी, तिथं सोसायटी-भाडेकरू हा भेद नाही.

पण कार्डापेक्षा मला कायदेशीर नोटिशीची काळजी वाटते. लोकांना वाटतं नोटीस मिळालीच नाही म्हटलं की सुटलो. जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ बघा, बरोबर पत्ता लिहून, तिकीट लावून रजिस्टर टपालानं टाकली की ती पोचली असंच कोर्ट धरतं, नाही पोचली हे तुम्ही दाखवायचं. चेक बाऊन्सच्या नोटिशीत पैसे भरायला १५ दिवस मिळतात. ते पाकीट जर मीटरच्या डब्यावर पडून राहिलं आणि ट्रॅकिंगवर डिलिव्हर्ड दिसलं, तर जज्जसमोर टँकरची गोष्ट सांगत बसा मग. माझ्या एका पक्षकाराचं झालंय हे.

नवाकोरा:
ईमेलच्या जमान्यात पत्रपेटीवर एवढी चर्चा 😂

रिटायर टपालवाला (परभणी):
ईमेलवर कार्ड पाठवून दाखव लेकरा.

बायपासचा भाडेकरू:
अपडेट देतो. टपालवाल्या काकांचा प्रश्न वाचला, बँकेचा अर्ज काढून बघितला, पत्त्यात विंग नाहीच, नुसतं ३०४. आम्ही ए-३०४. तसाच उठून बी-३०४ ला गेलो. दार आजींनी उघडलं, म्हणल्या हो आलं होतं की एक पाकीट, खाली डब्यावर पडलेलं, ३०४ दिसलं म्हणून शेजारच्या पोरानं वर आणून दिलं, लेकाचं असंल म्हणून ठेवलं, लेक ट्रेनिंगला गेलाय हैदराबादला. देवघरात हळदी-कुंकवाच्या करंड्याखाली जपून ठेवलेलं, एका कोपऱ्याला तेलाचा डाग, बाकी चिकटवलेलं तसंच. आणि कार्ड तर मी ब्लॉक करून बसलो! आजींनी चहा केला वरून.

वॉचमनचा पगार कापायचा विषय मिटला, पण "चुकून झालं" एवढंसुद्धा त्याला कोणी म्हणलं नाही, मीच जाऊन बोललो. वहीचं चेअरमनला सांगितलं तर म्हणतात पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. बँकेत विंग टाकून पत्ता बदलला, कप्प्यावरचं जुनं नाव खरवडून मार्करनं आपलं लिहिलं. कुलूप पण आणलं ७० रुपयांचं, पण आमच्या कप्प्याला कडीच नाही, वेल्डिंगवाला रविवारी येतो म्हणलाय.