गांजा कायदेशीर करावा का? कोकणातल्यांनी बोला

खाडीकाठचा
आमच्या ओळखीतल्या एका पोराला जेट्टीवर पकडलं, खिशात एक पुडी, काही ग्रॅमची. शिपिंगचा कोर्स केलेला पोरगा, आता सीडीसी (जहाजावर नोकरीला लागणारं सरकारी बुक) आणि पोलीस व्हेरिफिकेशनचं काय होणार म्हणून बापाची झोप उडालीय. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, त्यात नुसता गांजा ओढला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि किलोच्या आत जवळ सापडला तर वर्षापर्यंत. त्याच वाडीतली पोरं शिमग्यात दारू ढोसून बाईक घेऊन गडग्यावर आपटतात, त्यांना गावकरी उचलून घरी पोचवतात आणि दुसऱ्या दिवशी परत पालखी नाचवायला बोलावतात. मला गांजाचं कौतुक नाही, मी ओढत नाही. पण माझं म्हणणं, ओढणाऱ्याला गुन्हेगार धरणं बंद करा आणि विक्री सरकारने लायसन देऊन आपल्या ताब्यात घ्या. जर्मनीने एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला २५ ग्रॅम जवळ बाळगायला आणि घरी तीन झाडं लावायला परवानगी दिली, कॅनडाने तर २०१८ लाच विक्री खुली केली. आपण कसली वाट बघतोय?

औषधवाली चिपळूण
दादा, तुमच्या त्या पोराबद्दल वाईट वाटतं पण त्यावरून कायदा बदला हे मला पटत नाही. मी काउंटरवर बसते. झोपेच्या गोळ्या, कोडीनचं कफ सिरप, सगळं चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा कायदा आहे ना? तरी रोज एकतरी पोरगा येऊन "ताई द्या हो, चिठ्ठी उद्या आणतो" म्हणतो, मी नाही दिलं की तो रागाने बघून पुढच्या दुकानाकडे वळतो आणि परत माझ्याकडे येत नाही, यावरून काय ते समजा. लायसन देऊन ताब्यात घ्या म्हणणं सोपं आहे. आणि गांजा काही तुळशीचा काढा नाही, ओढणाऱ्यांतल्या साधारण दहातल्या एकाला त्याची सवय जडते, कोवळ्या वयात सुरू केलं तर सहातल्या एकाला. ज्याच्या घराण्यात वेडाचा आजार आहे त्याला तर भ्रम, संशय, कानात आवाज इथपर्यंत जातं. पंचविशीपर्यंत मेंदू घडत असतो हो.

बोंबील_सुका
भांग चालते, गांजा नाही, हे काय लॉजिक? झाड तर एकच. शंकराचा प्रसाद आहे आपल्याकडे.

देवगडकर
एनडीपीएसने भांगेची पानं व्याख्येतून वगळली आणि विषय राज्यांवर सोडला, चरस आणि गांजाची बोंडं तेवढी आत घेतली, एवढंच लॉजिक. आणि शंकराला मध्ये आणू नका, कुणकेश्वरच्या जत्रेत आम्ही समुद्रात डुबकी मारतो, दर्शन घेतो आणि खाजा घेऊन घरी येतो. भांगेचा गाडा मी तरी तिथे बघितला नाही.

पागेवरचा
मला सांगा, महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. आमच्या स्टँडसमोरच्या टपरीत आत्ता जाऊन बघा, बाहेर माळा लटकत नाहीत एवढाच फरक, मागितला की खालच्या डब्यातून येतो आणि भाव जास्त. म्हणजे बंदीने काय साधलं तर टपरीवाल्याचा नफा आणि हप्ता. त्याच टपरीत बिस्किटच्या पुड्याशेजारी लांब रोलिंग पेपर ठेवलेत, आता आमच्या गावात म्हातारे बिडी ओढतात, पोरं तयार सिगरेट, मग ते पेपर कोणासाठी ते कॉन्स्टेबलला पण कळतं आणि हायस्कूलच्या मास्तरांना पण. खाडीकाठच्याशी मी सहमत.

औषधवाली चिपळूण
तुम्ही माझाच मुद्दा मांडलात की. जी यंत्रणा गुटख्याचा डबा बघत नाही ती गांजाच्या लायसनवाल्याने एकवीसच्या आतल्याला दिलं की नाही हे बघणार? शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही हा २००३ चा कायदा. आधी तो पाळून दाखवा.

बांद्याचो पोरगो
माका येक सांगा, गोव्यात दारू स्वस्त म्हणान बांद्याक, इन्सुलीक गाडये तपासतत, तरी रोज पेपरात "गोवा बनावटीची दारू जप्त" आसताच. उद्या ह्या बाजूक गांजो लीगल आणि त्या बाजूक बंद, नायतर उलटा झाला तर? झाड थयसर, ढोसणारे हयसर, आणि गाडयेची डिकी उघडून आमीच उभे. गोवा सरकारकडे २०२० साली औषधासाठी लागवडीचो प्रस्ताव गेल्लो, लोक इतके बोंबाटले की सोडून दिल्यानी.

हर्णैचा तांडेल
इथे अजून कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. गांजाची गोष्ट निघाली की सगळे आमच्या बोटीवरच्या नेपाळी आणि ओडिशाच्या खलाशांकडे बोट दाखवतात. खलाशी ओढतात, हो, काही ओढतात. रात्रभर जाळं ओढून हात सोलवटलेले असतात, बर्फाच्या पेटीवर झोपायचं, कोणी गांजा ओढतो कोणी देशी घेतो. पण शनिवारी किनाऱ्यावर मोठ्या गाड्या उभ्या करून धूर काढणारे कोण आहेत? त्यांची झडती कोणी घेत नाही. माझ्या एका खलाशाला उचलला, भाषा येत नाही, वकील नाही, जामिनाला माणूस नाही, ऐन सीझनला माझी बोट दोन दिवस बंदरात. कायदा सगळ्यांना सारखा असता तर मी पण म्हटलं असतं बंदी राहू दे.
आणि दुसरं, ऑगस्ट २०२३ ला आमच्या कर्दे, लाडघर, केळशीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली होती, तिकडे श्रीवर्धनला पण. कस्टमवाले रोज किनारा चाळत होते, गावागावात सांगत होते की सापडलं तर हात लावू नका, कळवा. ते काय आमच्या वाडीत पिकलं होतं? असला माल बाहेरून येतो, मोठ्या टोळ्यांचा, तुम्ही इथे तीन झाडं लावायला दिली म्हणून तो धंदा थांबेल असं मला वाटत नाही.

खाडीकाठचा
तांडेलकाका, तुमचा पहिला मुद्दा हाच माझा मुद्दा आहे. चरसच्या टोळीला सोडा असं मी कुठे म्हटलं, वीस किलोच्या वर गांजा असेल तर दहा ते वीस वर्षं आहेत, राहू देत. आणि खरी आग एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या केमिकल ड्रगची आहे. खोपोलीकडे डिसेंबर २०२३ ला कारखानाच पकडला. पुडीवाल्या पोराच्या पंचनाम्यात जाणारा पोलिसांचा दिवस तिकडे खर्च होऊ दे ना.
औषधवाली ताई, २०१९ च्या एम्सच्या सर्व्हेत देशात दारू पिणारे १६ कोटी आणि भांग-गांजा-चरसवाले मिळून ३ कोटींच्या आसपास निघाले. दारूचं दुकान लायसनवर चालतं तेव्हा यंत्रणा कुठे असते हा प्रश्न कोणी विचारत नाही.

औषधवाली चिपळूण
मी विचारते. दारूने केलेलं नुकसान दाखवून दुसरी गोष्ट उघडायची हा कुठला हिशोब. थायलंडने जून २०२२ ला खुलं केलं, गल्लीगल्लीत दुकानं झाली आणि तीन वर्षांत, जून २०२५ ला, परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं. तिकडचं सरकार काही खुळं नाही.

जहाजी
शिपिंगवाल्या पोराच्या बापाला सांगा, कायदा बदलला तरी जहाजावर काही बदलणार नाही. आम्हाला मेडिकलला लघवीची टेस्ट असते आणि गांजा रोज ओढणाऱ्याच्या लघवीत आठवडेच्या आठवडे सापडतो. कॅनडाच्या पोर्टला दुकानात मिळतो, तरी आमच्यातला कोणी घेत नाही, कारण कंपनी एका पॉझिटिव्हला घरी पाठवते. केसचं म्हणाल तर, एनडीपीएसमध्ये ६४अ कलम आहे, ज्याला खरंच व्यसन आहे आणि छोट्या मात्रेचा गुन्हा आहे तो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले तर खटल्यातून सूट मिळू शकते. वकिलाला आधी हे विचारायला लावा, बाकी भाषणं नंतर.

खाडीकाठचा
हे कोणीच सांगितलं नव्हतं. कळवतो त्यांना.

तारकर्ली होमस्टे
तुम्ही सगळे मोठं बोलताय, माझं छोटं आहे. पाहुणे येतात, जेवून झालं की माडाखाली खुर्च्या टाकतात आणि वास सुरू. सासूबाई तिथेच तुळशीजवळ दिवा लावायला. काही बोललं की रिव्ह्यू खराब. आणि कायद्यात जागा वापरायला देणाऱ्यावर पण कलम आहे, २५ नंबरचं, माहीत असून दिली तर. म्हणजे ओढणार ते आणि अडकणार मी. लीगल करा नाहीतर करू नका, पण उद्या सहा जणांचं पुण्याचं बुकिंग आहे, बोर्डावर काय लिहू ते सांगा.

देवगडकर
वहिनी, "आवारात धूम्रपान करू नये, आढळल्यास पोलिसांना कळवण्यात येईल व डिपॉझिट परत मिळणार नाही." डिपॉझिटची ओळ मोठ्या अक्षरात.