अनुभव धागा: संगणक हाताळायला आणि आपल्या सोयीचा करून घ्यायला शिकताना

धागाकर्ता

नवशिक्याला बटण कुठे आहे ते कोणीही दाखवतं. चुकून भलतंच बटण दाबलं गेलं आणि पडदा वेगळा दिसू लागला, तर पूर्ववत कसं करायचं हे मात्र राहून जातं. म्हणून इथे लिहिताना तीन गोष्टी द्या: काय बदलायचं, नेमकं कुठे, आणि फसलं तर मागे कसं यायचं. विंडोज, मॅक, लिनक्स काहीही चालेल. 'सेटिंग्जमध्ये जाऊन बघा' एवढ्यावर कृपया भागवू नका, नवशिका अडतो तो तिथेच.

कंट्रोल_झेड

सुरुवातीच्या दिवसांतल्या तक्रारी बहुतेक एकाच जातीच्या असतात: 'गायब झालं'. प्रत्यक्षात गायब काहीच झालेलं नसतं.

डेस्कटॉपवरची सगळी चित्रं गेली? रिकाम्या जागेवर राइट क्लिक, 'व्ह्यू', 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'वर खूण. ब्राउझरची वरची पट्टी आणि टास्कबार (पडद्याच्या तळाची पट्टी) दोन्ही गेले? एफ-११ दाबलं गेलंय, पुन्हा तेच दाबा. अक्षरं एकदम राक्षसी किंवा मुंगीएवढी झाली? कंट्रोल दाबलेलं असताना माउसचं चाक फिरलंय. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि शून्य दाबलं की मूळ आकार येतो. डेस्कटॉपवर असंच झालं असेल तर कंट्रोल धरून चाक उलटं फिरवा. पडदा काळा आणि अक्षरं भडक पिवळी-हिरवी? डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबलं गेलं की हाय कॉन्ट्रास्ट चालू होतो, त्याच तीन कळांनी बंदही होतो.

शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबलं की 'स्टिकी कीज'ची (शिफ्ट, कंट्रोल दाबून न धरता वापरायची सोय) चौकट येते. तिथे घाईने 'येस' म्हटलं की कळा विचित्र वागू लागतात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे जाऊन स्टिकी कीज बंद करा आणि तिचा शॉर्टकटही बंद करा, म्हणजे चौकट पुन्हा येणार नाही.

फाइल चुकून डिलीट झाली तर त्याच खिडकीत लगेच कंट्रोल-झेड. उशीर झाला असेल तर रिसायकल बिन उघडून फाइलवर राइट क्लिक, 'रिस्टोअर'. दोन अपवाद पाठच करा: शिफ्ट धरून डिलीट केलेली फाइल आणि पेनड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही.

पडदानशीन

अक्षरं बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन (पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके दाखवायचे तो आकडा) कमी करणं ही नवशिक्यांची आणि त्यांना शिकवणाऱ्यांचीही नेहमीची चूक. पडद्यावरचे ठिपके ठरलेले असतात. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ निवडलं, तर चित्रातला एक ठिपका साधारण १.४ ठिपक्यांवर पसरावा लागतो. ठिपक्याचे तुकडे होत नाहीत, म्हणून कडा पुसट दिसतात. मग चष्म्याचा नंबर वाढला की काय, अशी शंका सुरू.

रिझोल्यूशन 'रेकमेंडेड' लिहिलेलंच ठेवा आणि आकार दुसरीकडून वाढवा. सेटिंग्ज (विंडोज कळ आणि आय), सिस्टिम, डिस्प्ले, 'स्केल'. १०० टक्के असेल तर १२५ करून बघा, क्वचित १५०. याने अक्षरं, चित्रं, बटणं सगळंच वाढतं. फक्त अक्षरं हवी असतील तर अ‍ॅक्सेसिबिलिटीमधलं 'टेक्स्ट साइझ', जे १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत जातं. सरकपट्टी हलवून थांबू नका, 'अप्लाय' दाबेपर्यंत काहीच बदलत नाही. दोन्ही एकदम वाढवले तर काही खिडक्यांत मजकूर कापला जातो, म्हणून आधी स्केल वाढवा, दोन दिवस वापरा, मग अक्षरांचं बघा.

रिझोल्यूशन चुकीचं निवडून पडदा काळा पडलाच, तर कशालाही हात लावू नका. बदल ठेवायचा का असं विंडोज विचारतं आणि १५ सेकंदांत उत्तर मिळालं नाही तर स्वतःच जुन्यावर येतं. 

माउसचा बाण सापडत नसेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटीतच 'माउस पॉइंटर अँड टच' आहे. आकार १ ते १५ पर्यंत, ३ किंवा ४ पुरे होतो. बाणाला रंगही देता येतो. वॉलपेपर बदलण्यापेक्षा याचा उपयोग जास्त, पण शिकवताना सगळे वॉलपेपरपासूनच सुरू करतात.

कळफलक

मराठी टंकलेखनाबद्दल. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, 'अ‍ॅड अ लँग्वेज', मराठी. पुढच्या पानावर 'सेट अ‍ॅज माय विंडोज डिस्प्ले लँग्वेज' अशी चौकट दिसली तर तिच्यावर खूण नको. ती राहिली की सगळे मेनू मराठीत येतात आणि या धाग्यातली निम्मी नावं तुम्हाला सापडणार नाहीत. झालंच तर त्याच पानावर वरच्या यादीतून इंग्रजी निवडा आणि साइन आउट करून पुन्हा आत या.

मूळ कळफलक इन्स्क्रिप्ट (देवनागरी अक्षरांची ठरलेली मांडणी) असतो. रोमन लिपीतून लिहायचं असेल तर भाषेच्या नावापुढचे तीन ठिपके, लँग्वेज ऑप्शन्स, 'अ‍ॅड अ कीबोर्ड', मराठी फोनेटिक. कळफलक बदलायला विंडोज कळ आणि स्पेसबार.

माझं मत इन्स्क्रिप्टच्या बाजूने. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. के वर क, जे वर र, एल वर त, डी वर हलन्त. जोडाक्षर म्हणजे पहिलं अक्षर, डी, दुसरं अक्षर. ळ साठी शिफ्ट-एन. सगळ्यात जास्त चुकतं ते ऱ्य. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. पहिल्याला साधा र, हलन्त, य. दुसऱ्याला शिफ्ट-जे वरचा ऱ, हलन्त, य. कळफलक मराठी असूनही 'करणार्‍या' सारखी रूपं उमटवायला लोक काय काय खटपटी करतात, गरज फक्त शिफ्टची असते.

पासवर्ड बरोबर असूनही चूक दाखवत असेल तर आधी कोपऱ्यात कुठली भाषा निवडलेली आहे ते बघा, मग कॅप्स लॉक.

ओढाताण

फाइल माउसने ओढून टाकताना कधी प्रत होते, कधी मूळच हलते, आणि नवशिक्याला वाटतं संगणक लहरी आहे. नियम साधा: त्याच ड्राइव्हवर ओढली तर फाइल हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढली तर प्रत होते. ओढताना कंट्रोल धरलं तर नक्की प्रत, शिफ्ट धरलं तर नक्की हलवणं. काहीच लक्षात राहत नसेल तर उजव्या बटणाने ओढा, सोडल्यावर संगणकच विचारतो.

डेस्कटॉपवरच्या चित्राच्या कोपऱ्यात वळलेला छोटा बाण असेल तर तो शॉर्टकट, म्हणजे नुसता पत्ता. तो पुसला तरी प्रोग्रॅम जात नाही. उलट तोच पेनड्राइव्हवर घेतला तर दुसऱ्या संगणकावर उघडत नाही. आकार बघा: एक-दोन केबी असेल तर घर नाही, घराचा पत्ताच सोबत आणलाय.

फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', 'शो', 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' (नावातल्या शेवटच्या टिंबापुढचा फाइलचा प्रकार) पहिल्याच दिवशी चालू करा. नाहीतर 'फोटो.जेपीजी.ईएक्सई' ही फाइल 'फोटो.जेपीजी' दिसते आणि माणूस फोटो समजून प्रोग्रॅम चालवतो. चालू केल्यावर एक पथ्य: नाव बदलताना (एफ-२) शेवटच्या टिंबापुढचं खोडू नका.

सफरचंदवाले

मॅकसाठी थोडक्यात. लाल गोळीने खिडकी बंद होते, प्रोग्रॅम बहुधा चालूच राहतो. डॉकमध्ये (प्रोग्रॅमच्या चित्रांची पट्टी) चित्राखाली ठिपका असेल तर तो चालू आहे. पुरता बंद करायला कमांड-क्यू. फाइल निवडून रिटर्न दाबलं तर ती उघडत नाही, नाव बदलायची चौकट येते. उघडायला कमांड-ओ. फाइंडरमध्ये (मॅकवर फाइली बघायची खिडकी) फाइलसाठी कमांड-एक्स चालत नाही: कमांड-सी करा आणि नव्या जागी ऑप्शन-कमांड-व्ही. पान उलटं सरकतंय असं वाटलं तर सिस्टिम सेटिंग्ज, ट्रॅकपॅड, 'नॅचरल स्क्रोलिंग' बंद.

पेंग्विन

लिनक्स मिंटबद्दल (लिनक्सचा एक प्रकार). आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे संगणकावर न बसवता, चालवून बघा. वायफाय, आवाज, पडद्याची चमक हे तीन तिथे चालले तर पुढे जा. लाइव्हमध्ये केलेले बदल बंद केल्यावर सहसा टिकत नाहीत, त्यामुळे मनसोक्त मोडतोड करून शिकायला ही उत्तम जागा.

टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहून द्यायची खिडकी) पासवर्ड लिहिताना काही ठिकाणी एकही ठिपका उमटत नाही. कळफलक बिघडलेला नाही, लिहून एंटर करा. पेस्ट करायला कंट्रोल-शिफ्ट-व्ही. फाइलच्या नावात लहान-मोठी रोमन अक्षरं वेगवेगळी धरली जातात. नाव टिंबाने सुरू झालं तर फाइल लपते, दाखवायला कंट्रोल-एच.

खालची पट्टी (पॅनेल) विस्कटली तर तिच्यावर राइट क्लिक, 'ट्रबलशूट', 'रिस्टोअर ऑल सेटिंग्ज टू डिफॉल्ट'. हे सिनॅमनमध्ये (मिंटच्या डेस्कटॉपचा एक प्रकार) आहे. मोठे बदल करण्याआधी 'टाइमशिफ्ट'ने स्नॅपशॉट (मागे येण्यासाठीची प्रत) घ्या. तो मूळ मांडणीत तुमचे फोटो-दस्तऐवज साठवत नाही, फक्त सिस्टिम साठवतो. फोटोंची प्रत वेगळी घ्यावीच लागते.

कंट्रोल_झेड

एक राहिलं. 'बंद करून चालू केलं तरी तेच' असं कोणी म्हटलं तर टास्क मॅनेजर (कंट्रोल-शिफ्ट-एस्केप), परफॉर्मन्स, सीपीयू इथे 'अप टाइम' (सिस्टिम किती वेळ चालू आहे ते) वाचायला सांगा. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच परत उठवला जातो, म्हणून आकडा कित्येक दिवसांचा निघतो. अडचण सोडवायची असेल तर 'रीस्टार्ट' निवडा, किंवा शिफ्ट धरून शट डाउन.