मदत हवी आहे: एसएमपीएसचा कपॅसिटर डिस्चार्ज कसा करायचा?
मंडळी, बंद पडलेला एसएमपीएस (स्विच मोड पॉवर सप्लाय, म्हणजे मेन्सच्या एसीचं डीसी करून देणारा पुरवठा) उघडलाय. प्रायमरीला, म्हणजे मेन्सच्या बाजूला, २२० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा कपॅसिटर आहे. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाल्यावर त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी चढतं. प्लग काढून बराच वेळ झाला तरी मल्टिमीटर शंभराच्या वरच दाखवतोय, म्हणजे ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर कपॅसिटर हळूहळू रिकामा करणारा) उडालेला दिसतोय.

स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायचा सल्ला कृपया नको. ठिणगी उडते, ट्रॅक जळतात.

२.२ किलोओहम, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावणार आहे. हिशोबाने अडीच सेकंदांत उतरायला हवं. बरोबर आहे ना?

आणि चालू सर्किटवर मोजताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सर्किटला मेन्सपासून वेगळं करणारा) लावला, तर त्या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीकडच्या शॉकला आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होणार नाही. मग एक हात खिशात ठेवण्यापलीकडे (म्हणजे करंट छातीतून जाऊ नये) तुम्ही काय काळजी घेता?